तीन दिवसांचे आपले सरकार

पॅरिस, ११ नोव्हेंबर १८३४

चि. एमेलिनीस, आन्सेल्ममामाचे अनेक आशीर्वाद.

काल मंत्रिमंडळ बदलले! माझे साहेब मंत्री झाले आणि मी त्यांचा चिटणीस. एप्रिलच्या दंग्यात धरलेल्या विणकरांना सरसकट माफी द्यायची, असे ते स्वतः माझ्याजवळ बोलले. तेव्हा तुझ्या दादाने, गास्पारने, तुरुंगातून जुन्या मंत्र्यांपुढे नाक घासून केलेला दयेचा अर्ज ताबडतोब मागे घे. आपले सरकार आल्यावर गुन्हा कबूल करायचा कशाला? ताईला म्हणावे, नाताळच्या जेवणाला लेकाचेही पान मांड. आणि मास्तरीणबाई, आता तरी मामाला मान द्याल ना?

तुझा मामा

लियों, १५ नोव्हेंबर

ती. मामास, सा. न. वि. वि.

पत्र मिळताच तुरुंगात दादाला भेटले. खोकला वाढलाय. अर्ज मंजूर होत आलाय, आठवडाभर थांबू या, असे तो म्हणत होता. मीच ऐकले नाही. घरात परीक्षा पास झालेली पहिली मी. शाळेत मुलींना ताठ मानेने जगा म्हणून शिकवते, आणि भावाने ‘चुकलो, सरकार’ म्हणायचे? दादाची सही घेऊन अर्ज काढून घेतला. कारकून म्हणाला, बाई, पॅरिसची हवा लवकर बदलते. मी म्हटले, तुम्ही आपली खुर्ची सांभाळा.

आई किती महिन्यांनी हसली!

तुमची एमेलिन

पॅरिस, १९ नोव्हेंबर

चि. एमेलिनीस आशीर्वाद.

कोणत्या तोंडाने लिहू? माझे पत्र तुझ्या हाती पडण्याआधीच सरकार पडले होते. साहेबांनी अभिनंदने घेतली आणि राजीनामा दिला. काल जुनेच मंत्री पुन्हा आले. मला त्यांनी माझ्या जुन्या मेजावर ठेवून घेतले, हे त्यांचे उपकार. नवा अर्ज कर. अधिक नम्र लिही.

मामा

लियों, २३ नोव्हेंबर

ती. मामास नमस्कार.

नम्र लिहिला. कारकुनाने हातात घेतला नाही. दया नको म्हणणाऱ्याला ती पुन्हा मागता येत नाही, म्हणाला. ज्यांनी अर्ज राहू दिले, ते घरी आले. शेजारचा माग सकाळपासून वाजतो आहे. आई खिडकी लावून बसते.

दादाला खटल्यासाठी पॅरिसला नेले, बेड्या घालून. मला एका शब्दाने बोलला नाही. उलट म्हणाला, मामांना सांग, भेटायला येऊ नका, नोकरी जाईल.

तरी तुम्ही जा. लोकरीचा सदरा पाठवते आहे, तो नेऊन द्या. तुरुंगाच्या दारात कैद्याशी नाते विचारतात. ते खरे सांगा. सांगितलेत, तर लोभ आहेच. नाही तर हे पत्र शेवटचे.

एमेलिन