तिसऱ्या दिवशीची कबुली

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन पंधरवडा झाला, पण उत्तर लिहायला उसंत नव्हती. इथे तिसरा खून झाला. पहिल्या दोघींसारखीच ही बाईही घरात एकटी, भरदुपारी. मागून डोक्यात कसल्यातरी जड वस्तूचा घाव, मग मेण लावलेल्या दोरीने गळा आवळलेला. दोरी कातडीत इतकी रुतली होती की दिसत नव्हती. मरताना तिने फरशी ओरबाडली असावी, दोन नखं मुळापासून उखडली होती. दहा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच मी बाहेर जाऊन ओकलो.

त्यातून लिफ्ट बंद. सहा मजले चढून गेलो तर हवालदाराने आधी मलाच पाणी पाजलं. हसू नकोस.

एक बरं झालं, माणूस सापडलाय. सोफे शिवणारा आहे. असलीच दोरी वापरतो आणि तिघींपैकी दोघींच्या घरी त्याने काम केलं होतं. अजून नाही नाही म्हणतोय, पण बोलेल. साहेब खूश आहेत. उजवा हात करंगळीच्या मुळाशी सुजलाय म्हणून अक्षर वाकडं आलंय, गोड मानून घे.

भावजींना नमस्कार. रागावलीस तरी पत्र पाठवत जा.

तुझा
ढब्बू


९ मार्च

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

सहा मजल्यांत फौजदाराला पाणी पाजावं लागतं, हे चोरांच्या कानावर जाऊ देऊ नकोस. तुझे भावजी हसून हसून खोकायला लागले.

पण हाताचं वाचलं आणि माझं हसू मावळलं. हाडांच्या वॉर्डात अठरा वर्षं नर्स आहे मी. करंगळीच्या मुळाशी सूज येते ती एकतर भिंतीवर बुक्की मारून, नाहीतर माणसावर. आणि भिंतीशी तुझं काही वैर नाही. तुमच्याकडून येणारी माणसं मी पाहते. कागदावर लिहिलेलं असतं, जिन्यावरून पडला. जिन्यावरून पडलेल्याचे तळपाय सुजत नाहीत रे. अशाच एकाने बायकोचा खून कबूल केला होता, आणि ती बायको वॉर्डाबाहेर डबा घेऊन बसली होती. दुखणं सोसेनासं झालं की माणूस कशालाही हो म्हणतो.

पुन्हा एकदा नीट बघ. मोठी आहे म्हणून कान धरते, सैल सोडवत नाही.

तुझी
ताई


१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कबुली मिळाली. तिसऱ्या दिवशी. तू ओळखलंच आहेस तर लपवत नाही. लाकडी दांड्याने मी त्याच्या बोटांवर मारलं. दोन बोटं पहिल्याच दिवशी मोडली. शेवटी तो म्हणाला, “साहेब, तुम्ही म्हणाल तसं लिहा, फक्त उजवा हात सोडा.” मी उजवाही सोडला नाही. ज्या हातांनी तीन बायका मारल्या, त्यांची दया कसली करायची? त्या बाईची नखं तू पाहिली नाहीस, ताई. तुझ्याकडे माणसं मलमपट्टीला येतात, माझ्याकडे मेलेली येतात.

कागदावर जिन्यावरून पडला असंच लिहिलंय. सगळे तेच लिहितात.

पेपरात माझा फोटो आलाय. कात्रण सोबत आहे, आईच्या फोटोपाशी ठेव. आता तरी दोन शब्द कौतुकाचे लिही.

तुझा
ढब्बू


२० मार्च

चि. ढब्बूस,
आशीर्वाद.

कात्रण परत पाठवते आहे. आईच्या फोटोपाशी ठेवावं असं त्यात काही नाही. जास्त लिहिलं तर नको ते लिहून बसेन.

ताई


२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चौथी बाई मेली. सोफेवाला तुरुंगात असताना. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई होत्या. तीच दोरी, डोक्यात तोच घाव.

आठवा मजला आणि लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद. पाचव्यावर दम खायला थांबलो आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. चारही वेळा मी जिनाच चढलो होतो. दुसऱ्या खुनाच्या वेळी तर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याने बाजूला सरकून मला वाट करून दिली होती.

तो वर गच्चीवर लिफ्टच्या मशीनच्या खोलीत होता, मशीन चाचणीसाठी चालू ठेवलेलं. पळाला नव्हता. फडक्याने शांतपणे जड लोखंडी पान्हा पुसत होता. मला बघताच त्याने तोच पान्हा चालवला. माझं गळ्याजवळचं हाड मोडलं, ते मला ऐकू आलं. त्याने मला फिरत्या चाकाकडे रेटलं, बाही अडकली, फाटली म्हणून हात वाचला. मग मी त्याचे केस धरून तोंड जमिनीवर आपटलं, दात पडेपर्यंत. खिशात दोरी सापडली. ती हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळते. हे मला मार्चमध्येही माहीत होतं.

बेड्या घातल्यावर तो रक्त थुंकून म्हणाला, “तुम्ही सोफेवाल्याला धरलंत तेव्हा मी थांबलो होतो साहेब. मग वाटलं, आता मला कोणी शोधतच नाही.”

सोफेवाल्याला सोडलंय. साहेब पदकासाठी माझं नाव पाठवतायत. झोप लागत नाही. मी काय करू?

तुझा
ढब्बू


८ मे

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

हाड नीट बसेपर्यंत हात गळ्यात बांधून ठेव. लहानपणासारखा तिसऱ्या दिवशी पट्टी सोडून उंडारू नकोस.

काय करू म्हणून विचारतोस, ते तुला ठाऊक आहे. जिन्यावरून पडला, असं जे लिहिलंस तिथे खरं काय ते लिही आणि सही कर. लिहायला तुझी बोटं चालतात अजून. नोकरी जाईल, कदाचित तुरुंगही होईल. भावजी म्हणाले, वकील बघून ठेवतो. मी म्हटलं, आधी त्याला लिहू दे.

रात्री मलाही झोप नाही. तू माझा भाऊ आहेस, हे काही केल्या बदलत नाही.

तुझी
ताई


३० मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लिहून दिलं. निलंबित झालोय, माझ्यावर गुन्हा दाखल झालाय. साहेबांनी आधी समजावलं, मग दम दिला, आता ओळख दाखवत नाहीत.

परवा सोफेवाल्याच्या दुकानात गेलो. त्याची बायको शिवते, तो शेजारी बसून कुठे ओढायचं ते सांगतो. तीन बोटं वळत नाहीत. बायकोने कात्री उचलली आणि बाहेर हो म्हणाली. त्याने तिला थांबवलं. मी माफी मागितली. तो म्हणाला, “माझं मी बघेन. मी जिवंत आहे. त्या चौथ्या बाईंच्या घरी गेलात का?”

गेलो नव्हतो. तिथूनच गेलो. त्यांच्या मुलीने दार उघडलं. मी कोण ते सांगताच तिला रडू फुटलं. आईच्या खुन्याला तुम्हीच पकडलंत म्हणाली, माझे दोन्ही हात धरले, कपाळाला लावले. बसा म्हणाली. मी उभाच राहिलो आणि तिला मार्चमधलं सगळं सांगितलं. कोणाला धरलं, कसं बोलतं केलं, आणि तोपर्यंत दुसरा कसा मोकळा फिरत होता.

ती नीट ऐकत होती. कळायला तिला वेळ लागला. मग तिने माझे हात सोडले.

खटला सुरू होईपर्यंत तुझ्याकडे यावं म्हणतो. घरात घेणार असलीस तर एका ओळीने कळव.

तुझा
धाकटा भाऊ