आखूड कापलेले केस

प्रिय ताई,

मी इथे कामाला निघताना तू बॅगेत कोंबलेलं पुस्तक अखेर वाचलं. ‘एक चूक झाली की मी नालायक’ असं मन म्हणालं, तर त्याच्याकडे पुरावा मागा, असं त्यात लिहिलंय.

काल सलूनमध्ये माझ्या हातून एका बाईंचे केस एका बाजूने बोटभर आखूड कापले गेले. “अहो, काय हे ध्यान केलंत माझं!” एरवी मी मागच्या खोलीत जाऊन रडले असते, घरी परत येते म्हणून तुला फोन केला असता. काल मनाला म्हटलं, दाखव पुरावा. निघाला फक्त बोटभर केसांचा! “चुकलं माझं, दुसरी बाजू जुळवून देते,” म्हणाले आणि दिली. बाई फुगूनच गेल्या. मी मात्र हाक मारली, “चला, पुढे कोण?”

आईचे गुडघे कसे आहेत? मी हरून परत येईन म्हणून तिने राखून ठेवलेली खोली आता तुझ्या लेकीला अभ्यासाला द्या.

तुझंच,
शेंडेफळ