दिवा कोण लावतं?

३ मार्च, सोमवार
बाबांच्या गाडीतला इंजिनाचा पिवळा दिवा गॅरेजच्या मिस्तरींनी परवा विझवला होता. आज तो पुन्हा लागला. ज्या माणसाला दिवा विझवता येतो, तोच तो लावत नसेल कशावरून? याचं उत्तर मला देता येत नाही, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवते. पण घरातली पहिली पदवीधर म्हणून प्रश्न पडणं हे माझं कर्तव्य आहे.
मिस्तरींचं म्हणणं, ऑक्सिजन सेन्सर गेलाय, नवा टाकावा लागेल. मी विचारलं, तो करतो काय? म्हणाले, ताई, सायलेन्सरच्या नळीत बसतो, धुरात ऑक्सिजन किती उरला ते इंजिनाला कळवतो, त्यावर पेट्रोल किती सोडायचं ते ठरतं. धुरात ऑक्सिजन! मी फक्त हसले. बाबा हसले नाहीत. वीस वर्षं ते यांच्याचकडे गाडी नेतात. सवयीने माणूस आंधळा होतो.

४ मार्च
वीस तारखेला गाडीची सरकारी तपासणी. बाबा रोज पाच नर्सना ड्यूटीवर सोडतात आणि घरी आणतात. गाडी पास झाली तरच हॉस्पिटल हे काम आणखी वर्षभर देणार. नाहीतर दुसरा गाडीवाला टपूनच बसलाय.
बाबा म्हणाले, सेन्सर टाकू आणि मोकळे होऊ. मी म्हटलं, बाबा, माझ्यावर सोपवा. त्यांनी किल्ली दिलीच, वर मिस्तरींना फोन करून सांगितलं, आता आमची मुलगी बघणार. आवाजात इतका अभिमान, की मला पाणी प्यायला उठावं लागलं.
संकल्प: पुराव्याशिवाय कोणावरही संशय घ्यायचा नाही.
संशयित: मिस्तरी, पेट्रोल पंपवाला, धाकटा भाऊ.

७ मार्च, सकाळी ११
मागवलेलं यंत्र आलं. मुठीएवढं आहे. स्टिअरिंगखाली खोचायचं, मोबाइलला जोडायचं, की बिघाडाचा कोड दिसतो. दिसला: ऑक्सिजन सेन्सर. म्हणजे यंत्र बनवणारेही सामील!
पण खाली ‘कोड पुसा’ असं बटण आहे. दाबलं. दिवा गेला. एवढ्यासाठी हे लोक गाड्या खोलतात? आईला बाहेर बोलावून दाखवलं. आई म्हणाली, शेवटी शिक्षण ते शिक्षण. धाकटा म्हणाला, ताई, थर्मामीटर झटकला की ताप उतरतो का गं? बारावीला दोनदा बसलेल्या माणसाने उपमा देऊ नयेत.

१० मार्च
दिवा लागला. पुसला.
तक्ता केला. दिवा लागला त्या प्रत्येक दिवशी नर्सपैकी मोठ्या सिस्टर पुढच्या सीटवर होत्या. बाबा म्हणाले, अगं, त्या रोजच पुढे बसतात, मागे त्यांना मळमळतं. तरी नोंद असू दे.

१२ मार्च
कोणी चोरून बॉनेट उघडतंय का, हे कळायला आतून एक दोरा चिकटवला.

१३ मार्च
दोरा तुटलेला! (तो बघायला बॉनेट मी उघडलं होतं, पण ते वेगळं.) धाकट्याची उलटतपासणी. तो म्हणाला, मला अजून डिकी कुठून उघडते ते माहीत नाही. फारच तयार उत्तर.
दिवा लागला. पुसला.

१५ मार्च
बाबा हळूच म्हणाले, पेट्रोल जास्त जातंय, धुराला वासही येतोय. म्हणजे पंपवालाच. पंपावर गेले. मॅनेजरने माझ्यासमोर माप भरून दाखवलं. थेंबाचा फरक नाही. कोणी इतकं अचूक का असावं?

१७ मार्च
मिस्तरी आपणहून घरी आले. सेन्सर आणून ठेवलाय म्हणे, अर्ध्या तासाचं काम. जाताना म्हणाले, ताई, बाबांकडून कळलं, निदान कोड पुसू तरी नका. मी विचारलं, मी पुसल्याने तुमचं काय बिघडतं? म्हणाले, माझं काही नाही.
उत्तर देताना जमिनीकडे बघत होते. संध्याकाळी गॅरेजवाल्यांच्या संघटनेला दीड पानी तक्रार पाठवली. कडक, पण सभ्य.

२० मार्च, सकाळी ८
निघण्यापूर्वी पुसला. डॅशबोर्ड स्वच्छ. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातलाय. विजय समोर दिसतोय.

२० मार्च, दुपारी
दिवा लागला नाही. तरीही नापास.
तपासनीसाने त्याचं यंत्र जोडलं आणि म्हणाला, हे तर कोरं आहे. गाडी स्वतःच आपली तपासणी करत असते, त्याला काही दिवस जातात. कोड पुसला की तीही पुसली जाते. मग त्याने पडदा आमच्याकडे वळवला. पुसल्यापासूनचं अंतर: चार किलोमीटर. आमच्या घरापासून केंद्र चार किलोमीटर.
हे कोणाचं काम, असं त्याने विचारलं. मी तोंड उघडण्याआधीच बाबा म्हणाले, माझं, साहेब. चुकून बोट लागलं. साहेबाने वयाचा मान न ठेवता त्यांना पाच मिनिटं सुनावलं. बाबा मान हलवत राहिले.
बाबांना मोबाइलवरचा फोटो मोठा करता येत नाही.
परतताना एवढंच म्हणाले, सव्वीसपर्यंत मुदत दिलीय, बाळा. जेवलीस का सकाळी?

२१ मार्च, सकाळी ११
सात वाजता एकटीच गाडी घेऊन गॅरेजला गेले. मिस्तरी पाना घेऊनच उठले. सेन्सर कपाटात होता, खोक्यावर बाबांचं नाव. जुना काढून माझ्या हातावर ठेवला. टोक काजळीने काळंकुट्ट. मी म्हटलं, मला याचाच संशय होता. ते म्हणाले, हो ताई.
टेबलावर माझी तक्रार उघडी पडली होती. संघटनेचे सचिव तेच आहेत. म्हणाले, अक्षर छान आहे तुमचं.
नवा सेन्सर बसला. कोड त्यांनीच पुसला, शेवटचा. आता पाच दिवस गाडी नुसती चालवायची. माझं यंत्र मी त्यांच्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलं.
मग घरी यायच्या आधी तपासणी केंद्रावर गेले. साहेबांच्या खिडकीशी रांगेत उभी राहिले, आणि नंबर आल्यावर सांगून आले, की काल ज्यांना तुम्ही बोललात, त्यांचं बोट लागलं नव्हतं. ते माझं होतं.