पोटावरचा हात

घाटंजी, शुक्रवार, संध्याकाळ

राग, भीती कशी सांभाळायची, हे मुलांना शिकवायच्या तासाचा सरकारी निधी बंद झाला. सकाळी हेडसर म्हणाले, "मॅडम, आता त्या तासाले गणित घ्या." मीही बरं म्हटलं. गणित मागे पडलंच आहे.

आणि आत्ता बाजारात माझ्या पाचवीतली पूनम दिसली. भाजीच्या दुकानामागं एकटीच, डोळे मिटून, पोटावर हात ठेवून हळूहळू श्वास घेत होती. भीती वाटली की असं करायचं, हे मीच शिकवलंय. पण भरबाजारात हिले कायची भीती?

तेवढ्यात तिचा काका आला. "चाल वं, काहून उभी राह्यली इथं?" मला पाहून हसला, नमस्कार केला, तिला गाडीवर बसवून घेऊन गेला. तिचा हात पोटावरच.

असेल चांगला माणूस. माझंच डोकं उगाच काहीबाही... पण मग तो हात का निघाला नाही?

भीती वाटली तर शांत कसं राहायचं, एवढं शिकवून झालं होतं. कोणाला सांगायचं, तो भाग दिवाळीनंतर होता.