सांबल सांडते या कारणास्तव टर्बोऐवजी इंजिन बदलण्याबाबत

प्रति,
मा. वाहन तपासणी अधिकारी,
वाहनबदल परवानगी विभाग,
जिल्हा वाहन कार्यालय, ताइपिंग, पेराक.

अर्जदार : इद्रुस बिन मत साद, राहणार पादांग रेंगास.

विषय : मंजूर झालेला टर्बोचा अर्ज रद्द करून त्याच गाडीस दुसरे इंजिन बसवण्याची परवानगी मिळण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा टर्बोसाठीचा अर्ज (मंजूर).
२) तो रद्द करावा असा अर्ज.
३) रद्द करण्याचा अर्ज रद्द समजावा असा अर्ज.
४) आपले पत्र : "काय ते एकदाच ठरवून, कारणासह लेखी कळवावे."

महोदय,

१. अर्जदाराकडे दोन दारांची छोटी स्पोर्ट गाडी आहे. लग्नाआधी ती हौसेने घेतली होती. लग्नानंतर ती अर्जदाराची पत्नी मरहूम जमिलाह हिच्या हाती गेली आणि रोजच्या कामाची झाली. जमिलाह सकाळी नारळाच्या दुधातल्या भाताच्या पुड्या आणि सांबलचे, म्हणजे मिरचीच्या रसरशीत चटणीचे, पातेले मागच्या सीटवर ठेवून बुकित बेरापितचा घाट चढत असे आणि कामुंतिंगला कारखान्याच्या फाटकासमोर विकत असे. भात सगळेच विकतात. गिऱ्हाईक सांबलसाठी थांबत असे. म्हणून पातेले पट्ट्याने बांधलेले असे आणि अर्जदार पुढच्या सीटवर बिनपट्ट्याचा बसला तरी तिला चालत असे.

२. गाडीचे मूळ इंजिन झिजले आहे. चढावर दम टाकते, धूर सोडते. या महिनाअखेर ते ठीक केले नाही तर गाडी रस्त्यावर आणता येणार नाही, असे आपल्या कार्यालयाने तपासणीत कळवले आहे. ते योग्यच आहे. मेकॅनिक कोक वाई यांनी दोन मार्ग सांगितले. एक, हेच इंजिन उघडून आतून मजबूत करायचे आणि त्यावर टर्बो, म्हणजे आत जादा हवा कोंबून जोर वाढवणारा पंखा, चढवायचा. दोन, जपानहून जुन्या गाड्यांचे कापलेले पुढचे अर्धे भाग त्यांच्या आवारात येतात, त्यातल्या एकातले मोठे, बिनटर्बोचे, पहिल्यापासून एकसारखे ओढणारे इंजिन काढून या गाडीत बसवायचे. टर्बो लावला तर इंजिनाचा क्रमांक तोच राहतो. इंजिन बदलले तर क्रमांक बदलतो, पुन्हा नोंद, पुन्हा ब्रेकची तपासणी. दोन्ही मार्ग कायद्यात बसतात.

३. हा प्रश्न अर्जदाराच्या घरात नवा नाही. अर्जदारास तरुणपणापासून टर्बो हवा होता. जमिलाहला मोठे इंजिन हवे होते. ती म्हणत असे, "अहो बांग, तुमचा टर्बो म्हणजे तुम्हीच. हाक मारली की आधी ढिम्म, आणि मग दचकून उठून सगळं घर डोक्यावर घेणार. माझं सांबल सांडतं." अर्जदार म्हणत असे, "अगं, झाकण घाल की पातेल्यावर." त्यावर ती म्हणे, "झाकण घातलं की वाफेचं पाणी आत पडतं. मग ते सांबल तुम्हीच खा. आणि टर्बोलाही थोडं पाजा." जेवताना, बाजारात, तिच्या बहिणीच्या मुलीच्या लग्नात, पाहुण्यांच्या पंगतीसमोरही हा वाद झालेला आहे. पैसे साठत, दुसरीकडे खर्च होत, आणि वाद जिथल्या तिथे राही. दोघांनाही त्याची घाई नव्हती.

४. जमिलाह मागील पावसाळ्यात वारली. चाळिसाव्या दिवसाचे जेवण झाल्यावर अर्जदाराने टर्बोचा अर्ज केला. आता सांबल नाही, तेव्हा अडचण नाही, असा सरळ हिशेब होता. आपण तो मंजूर केलात. त्यानंतर अर्जदारास एका जागी बसवेना. घरात बसले की गाडीत जावेसे वाटते, गाडीत बसले की घाटापर्यंत जाऊन परत यावेसे वाटते. इंजिनच बदलावे म्हणून अर्ज रद्द केला. दुसऱ्या दिवशी वाटले, हा मूर्खपणा आहे. तो अर्जही रद्द केला. आपल्या कार्यालयातील पुआन नोराशिकिन यांनी खिडकीतून विचारले, "अहो एन्चिक, परवा टर्बो, काल इंजिन, आज परत टर्बो. उद्या बैलगाडीचा अर्ज आणणार का?" त्यांचा राग नाही. त्यांनी चहाही दिला.

५. कोक वाई यांच्या ओळखीत याच बनावटीची, टर्बो चढवलेली एक गाडी आहे. मागच्या शुक्रवारी नमाजानंतर त्यांनी ती आणली आणि म्हणाले, "पाक इद्रुस, तुमचं डोकं काही ठरवणार नाही. पायाला ठरवू दे." अर्जदाराने जमिलाहचे पातेले पाण्याने भरून मागच्या सीटवर ठेवले आणि पट्टा लावला. कोक वाई बघत राहिले. घाटाच्या दुसऱ्या वळणानंतर अर्जदाराने पाय दाबला. आधी काहीच झाले नाही. मग एकदम पाठ सीटला चिकटली आणि झाडे मागे पळू लागली. मजा आली, हे अर्जदार नाकारत नाही. इतकी वर्षे हवे होते ते हेच होते. कोक वाई ओरडले, "काय, आहे की नाही?"

६. पाणी सांडले. सीटवरून खाली, पायापाशी. अर्जदार मागे न बघता मोठ्याने म्हणाला, "हो हो, सांडलं, कळलं मला." आणि उत्तरासाठी थांबला. पुढचे वाक्य तिचे असते. कोक वाईंनी रेडिओ बंद केला. घाट उतरून खाली आल्यावर कोक वाई म्हणाले, "मोठं इंजिन आवारात आहे. दुसरा माणूस मागतोय. परवानगी आली तर तुमचं, नाहीतर महिनाअखेर त्याचं."

७. तरी नम्र विनंती की :
(अ) टर्बोची मंजुरी रद्द करून इंजिन बदलण्याची परवानगी महिनाअखेरच्या आत द्यावी. अर्जदार पुन्हा मन बदलणार नाही. बदलल्यास खिडकीवरूनच परत पाठवावे.
(ब) घाटावरील चाचणीच्या वेळी मागच्या सीटवर भरलेले पातेले ठेवून गाडी चालवून पाहावी. नियमात ही चाचणी नाही, हे अर्जदारास माहीत आहे. पाण्याऐवजी सांबल हवे असल्यास अर्जदार करून आणेल. ते पातळ होते, तिच्यासारखे जमत नाही. पण पातळ लवकर सांडते, म्हणून चाचणी अधिक कडक होईल.
(क) पुआन नोराशिकिन यांनी, "मग झाकण घाला ना," असे सुचवले आहे. त्याचे उत्तर वर परिच्छेद ३ मध्ये आहे.
(ड) आपल्या नमुन्यात कारणाच्या रकान्यात "शक्ती वाढवणे", "जुने इंजिन निकामी" आणि "इतर" एवढेच आहे. अर्जदाराचे कारण "इतर" मध्ये घ्यावे आणि समोर "सांबल सांडते" असे लिहावे. दुसरे काही लिहू नये. हे वाक्य जमिलाहचे आहे. ती असताना मी ते एकदाही मान्य केले नाही, कारण मान्य केले असते तर वाद संपला असता. आता तो तसाही संपला आहे. त्यात मी हरलो, एवढे सरकारी शिक्क्यानिशी लिहून मिळावे.

आपल्या शिक्क्याची वाट पाहणारा,

इद्रुस बिन मत साद
पादांग रेंगास, दि. ९ मार्च

सोबत :
१) कोक वाई यांचे, इंजिन राखून ठेवल्याचे पत्र.
२) आधीच्या तीन अर्जांच्या प्रती.
३) पातेले, एक. चाचणी झाल्यावर परत मिळावे.