भंगारवाल्याने न नेलेलं टेबल

अहो,

तुम्ही मला न सांगता बोलावलेला भंगारवाला सकाळी येऊन गेला. माझं लोखंडी जेवणाचं टेबल त्याने नेलं नाही. खाली वाकून त्याने पायांचे जोड पाहिले, जोड सांधताना ओघळलेल्या पितळेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "बाई, हे तोडायला माझा हात धजत नाही." अशा टेबलाला तुम्ही दोन वर्षं गंजका सांगाडा म्हणताय!

बिचाऱ्याला रिकाम्या हाताने कसं पाठवणार? तुमची व्यायामाची सायकल देऊन टाकली. तिच्यावर तसेही टॉवेलच वाळत होते.

हे टेबल ज्याने घडवलं त्याच कारागिराच्या हातची एक खुर्ची भंगारवाल्याच्या गोदामात पडून आहे म्हणे. ती आणायला मी त्याच्याच टेम्पोतून जातेय. मी येईपर्यंत टेबलाला कानस, रंग, पॉलिश, काहीही लावायचं नाही.

"एकच खुर्ची आहे, मी बसू कुठे?" असं म्हणत तुम्ही रोज ताट उचलून टीव्हीसमोर जाता आणि मी इथे एकटी जेवते. आजपासून ती सबब संपली. खुर्ची तुमच्यासाठी समोर मांडून ठेवणार आहे. बसायचं की नाही ते तुम्ही ठरवा. टेबल इथून हलणार नाही, आणि मीही.