खाडीच्या दोन भरत्या

देरा, दुबई. १९६५

१२ एप्रिल, सोम.
बकरीद. खातूनबी आणि त्यांची हमीदा जेवायला. मटण वाढलं, हसले, पान दिलं. पोर एकोणीसची. सासूबाईंनी रत्नागिरीहून यांच्या दुसऱ्या निकाहासाठी पसंती कळवलीच आहे, आता यांनी हो म्हणायचं तेवढं राहिलंय. मला कोण विचारतो! आठ वर्षांत पाळणा हलला नाही, म्हणजे बायको मत द्यायला नालायक.
माय-लेकी निघताना हे म्हणाले, "तेवीसच्या शुक्रवारी खाडीच्या टोकाला जाऊ. गुलाबी पाखरं दाखवतो. मी स्वतः वल्हवीन."
ऑफिसात टाइप करणारे हात. वल्हवणार म्हणे.

१४, बुध.
प्रोग्राम जोरात. नावाडी नको, नुसती होडी. विचारलं, जागा किती? "तिघांपुरती. तू कशाला उन्हात येतेस?" डबा माझा, सैर त्यांची.
मग आवाज गोड. "मैमुना, तू तर तरीवाल्या नावाड्याची पोर. पाण्याचं टायमिंग तूच सांग."

१६, शुक्र.
बाबांचा हिशेब सांगितला. चांदाची तारीख घ्यायची, पंधराच्या वर असेल तर पंधरा वजा, उरेल त्याचे पाऊणपट. तेवीसला एकविसावा चांद. उरले सहा, म्हणजे साडेचार. पहाटेच्या भरतीवर निघायचं. ओहोटीत होडी चिखलाला टेकली तरी भ्यायचं नाही, पाखरं बघायची, जेवायचं. संध्याकाळी साडेचारला पाणी होडी आपोआप उचलतं. हे खूश. बाबांनी याच हिशेबावर जन्मभर तरीची होडी चालवली.
पण ती आमची गावची खाडी. इथे तीन वर्षं गच्चीवर कपडे वाळत घालताना बघतेय. चांद अर्धा झाला की इथल्या दोन भरत्या बहिणी नसतात, सवती असतात. एक धक्क्याच्या वरच्या पायरीला चढते, दुसरी तोंड दाखवून परत. सध्या पहाटेची थोरली. संध्याकाळची टोकापर्यंत पोचतच नाही.
हे मात्र सांगितलं नाही. जीव नाही जायचा कुणाचा. दुसरी पहाट येतेच.

२२, गुरु.
डबा: भाकऱ्या, खारवलेला मासा, जवळ्याची झणझणीत चटणी. पाणी एक सुरई.
"पाणी कमी नाही?"
"वजन होईल. संध्याकाळी परत येणारच ना?"
"इन्शाल्ला," म्हणाले.
हमीदा येऊन गेली. "आपा, तुम्हीपण चला ना. मला पोहता येत नाय." म्हटलं, टोकाला गुडघाभर पाणी, बुडशील कशी? हे तरी खरं सांगितलं.

२३, शुक्र.
अंधारातच निघाले. धक्क्यावरून यांचं "यल्ला, यल्ला, चला लवकर" ऐकू येत होतं. ईदलासुद्धा इतका उत्साह नव्हता.
संध्याकाळी गच्चीवर. पाणी खालच्या पायरीला लागलं आणि फिरलं. साडेपाच. सहा. कुणी नाही.
भात एकटीपुरता टाकला. जेवण गोड लागलं.

२४, शनि.
उजाडल्यावर आले. यांचे ओठ फुटलेले, पायाला शिंपल्याची चीर. मदत आणायला चिखलात उतरले, मांडीपर्यंत रुतले. दोघी बायकांनी ओढणी टाकून ओढलं. सुरई दुपारीच रिकामी. वर मासा खारा! तिथे तिवराचं झुडूप नाही, सावली नाही. पाखरं पुढ्यात चरत होती, त्यांना चिखलाचं काय.
खातूनबी दारातूनच गरजल्या, "खलास! एक होडी हाकता येत नाय, नि दोन संसार हाकणार!"
आत जाऊन तोंडात पदर कोंबला. हसू आवरेना.

२७, मंगळ.
हमीदाचा ताप उतरत नाही. बघायला गेले. चेहरा सोलून निघालाय. "आपा, तुम्ही नव्हता तेच बरं झालं. लई तहान लागली होती." माझा हात धरून बसली. खातूनबी लग्नाचं हो म्हणेनात, नाही म्हणेनात.
मला रडू येईल म्हणून थांबले, आलं नाही. रस्त्यात आलं. तिच्यासाठी की माझ्यासाठी...

२८, बुध.
आज हे पहाटे गच्चीवर. संध्याकाळी परत गच्चीवर. पाणी धक्क्याच्या कुठल्या पायरीला लागतं ते बघत होते.

२९, गुरु.
चहा देताना यांनी विचारलं, "उद्या भरती कधी?"
म्हटलं, बघून सांगते.
"बघू नको. तुझ्या बाबांच्या हिशेबाने सांग."
उद्या अठ्ठाविसावा चांद. उरतात तेरा. म्हटलं, पावणेदहा.
"पावणेदहा," तेही म्हणाले. मग, "उद्या आपण दोघंच जाऊ. टोकाला."
हे होडी सांगून आले. सुरई स्वतः धुतली, ओट्यावर उपडी घातली. तेवढी एकच.
भीती वाटतेय. आणि लिहायला लाज वाटते, आठ वर्षांत हे पहिल्यांदा म्हणाले, दोघंच. हिरवी साडी काढून ठेवलीय.